पाटी कंपनीची, जबाबदारी कोणाची?

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांनी शेतीत जे जे नवे येईल ते ते करून पाहिले आहे. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्यांवर धरणे झाली, कालव्यांना पाणी आले आणि पावसावर विसंबलेल्या शिवारात ऊस, द्राक्ष, टोमॅटो आणि कांदा उभा राहिला. नारायणगावच्या उपबाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटची रीघ लागते. ओतूर आणि आळेफाटा येथे कांद्याचे लिलाव होतात. मंचरची बाजारपेठ बटाट्याच्या बेण्यासाठी ओळखली जाते आणि त्या बेण्यावर सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटा पिकतो. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या डोंगररांगांत वनवासी बांधव हिरडा गोळा करतात. पिकवण्याच्या कलेत हा प्रदेश कुणाला हार जाणारा नाही. मात्र पिकवलेले विकण्याची वेळ आली की तोच शेतकरी एकटा पडतो, आणि हातात पट्टी पडेपर्यंत आपल्या मालाचे काय मोल झाले हे त्याला कळत नाही. या एकटेपणावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत एक नवे नाव गावोगावच्या पाट्यांवर झळकू लागले. ते म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी.

कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. सहकाराची शिस्त आणि कंपनीची मोकळीक या दोहोंचा मेळ घालावा, या हेतूने अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिफारशी केल्या. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ६ फेब्रुवारी २००३ पासून उत्पादक कंपनीची तरतूद अमलात आली. पुढे २०२० च्या दुरुस्तीने ती २०१३ च्या कंपनी कायद्यात एकविसाव्या 'अ' प्रकरणाच्या रूपाने स्वतंत्रपणे समाविष्ट झाली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी होऊ शकते. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. सभासद उत्पादकच असला पाहिजे, त्यामुळे बाहेरच्या धनिकाने भाग विकत घेऊन कंपनी गिळंकृत करण्याची भीती नाही. सहकारी संस्थेवर निबंधक प्रशासक बसवू शकतो. येथे तसा राजकीय हस्तक्षेप सहज होत नाही. एवढेच नव्हे, तर उत्पादक कंपनीने कोणत्याही राजकीय पक्षाला वर्गणी देऊ नये, असा स्पष्ट निर्बंध कायद्यातच आहे. ज्या भागात सोसायटीपासून कारखान्यापर्यंत प्रत्येक संस्थेची निवडणूक पक्षांच्या झेंड्याखाली लढली जाते, तेथे या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या कल्पनेला शासनाचे पाठबळही मिळाले. महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या प्रकल्पांतून अशा कंपन्यांची पहिली मोठी फळी उभी राहिली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी चित्रकूट येथे दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. योजनेसाठी ६,८६५ कोटी रुपयांची तरतूद होती. प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत व्यवस्थापनखर्चासाठी १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य, प्रत्येक सभासदाच्या भागाइतके, पण दोन हजार रुपयांच्या मर्यादेत आणि संस्थेला एकूण १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान, शिवाय बँककर्जाला हमी, अशी ही योजना. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी भागलपूर येथील कार्यक्रमात दहा हजाराव्या संस्थेची घोषणा झाली. उद्दिष्ट आकड्याने पूर्ण झाले. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. या दहा हजारांपैकी किती कंपन्या दहा वर्षांनंतर जिवंत असतील?

हा प्रश्न बाजारभावाचा किंवा भांडवलाचा जितका आहे, तितकाच तो कायदेपालनाचा आहे. आणि गावातील चर्चेत नेमका तोच वगळला जातो. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. निबंधकाचे प्रमाणपत्र मिळाले की तिचा जन्म होतो. बचत गट बंद पडला तर वह्या कपाटात ठेवून लोक आपापल्या कामाला लागतात. भागीदारीत बिनसले तर चार माणसे बसून हिशेब मिटवतात. कंपनीचे तसे नाही. तिने व्यवहार केला नाही तरी ती अस्तित्वात असते, आणि अस्तित्वात असल्याची नोंद दरवर्षी द्यावी लागते. कुलूप लावल्याने कंपनी संपत नाही. कुलपाआड तिच्यावरचे शुल्क मात्र दिवसागणिक वाढत राहते.

कायद्याने सांगितलेली कर्तव्ये कोणती, हे कंपनीच्या प्रत्येक सभासदाला ठाऊक असले पाहिजे. नोंदणीनंतर तीस दिवसांत संचालक मंडळाने पहिला लेखापरीक्षक नेमायचा. नव्वद दिवसांत पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची. १८० दिवसांत भागभांडवल प्रत्यक्ष जमा झाल्याचे व व्यवसाय सुरू होत असल्याचे घोषणापत्र निबंधकांकडे द्यायचे. ते न दिल्यास दंड आहेच, शिवाय कंपनीचे नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाईही होऊ शकते. संचालक किमान पाच आणि कमाल पंधरा. मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे आणि तिचे इतिवृत्त लिहिलेले असले पाहिजे. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ हवा आणि तो सभासदांपैकी नको. सनदी लेखापालाकडून अंतर्गत लेखापरीक्षण आणि वैधानिक लेखापरीक्षण, दोन्ही आवश्यक. उलाढाल लाखाची असो वा शून्य. १ एप्रिल २०२३ पासून तर संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीला, नोंदीत झालेल्या प्रत्येक बदलाचा माग राहील अशीच प्रणाली वापरणे बंधनकारक झाले आहे.

वार्षिक सभेचे नियमही नीट समजून घेण्याजोगे आहेत. दोन वार्षिक सभांमध्ये पंधरा महिन्यांहून अधिक अंतर असू नये. सूचना किमान चौदा दिवस आधी लेखी द्यावी आणि तिच्यासोबत विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त व तपासलेला ताळेबंद जोडावा. गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. म्हणजे तीनशे सभासदांच्या कंपनीत पंच्याहत्तर शेतकरी प्रत्यक्ष उपस्थित असल्याखेरीज सभा कायदेशीर होत नाही. कांदाकाढणीच्या दिवसांत पंच्याहत्तर माणसे दुपारभर एका ठिकाणी बसवणे किती अवघड असते, हे ओतूर-आळेफाट्याच्या कुणालाही विचारावे. ही सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते कार्यालय ज्या गावात वा शहरात आहे तेथेच घ्यावी लागते. सोयीसाठी पुण्यातील सल्लागाराचा पत्ता कंपनीचा पत्ता म्हणून दिला असेल, तर घोडेगावच्या शेतकऱ्याने वार्षिक सभेसाठी पुणे गाठायचे असा त्याचा अर्थ होतो. तो जात नाही. सभा कागदावर होते, उपस्थितीच्या सह्या मागाहून घेतल्या जातात आणि कंपनीच्या पायातच असत्य शिरते.

सभा झाल्यावर साठ दिवसांत तिचा वृत्तांत, संचालकांचा अहवाल, ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि वार्षिक विवरणपत्र निबंधकांकडे दाखल करायचे असते. येथेच सर्वाधिक कंपन्या घसरतात. १ जुलै २०१८ पासून ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र यांपैकी प्रत्येकास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये अतिरिक्त शुल्क लागू झाले. शंभर रुपये ही रक्कम ऐकायला किरकोळ वाटते. परंतु दोन पत्रांचे दिवसाला दोनशे, म्हणजे वर्षाला ७३ हजार रुपये होतात. तीन वर्षांची पत्रे राहिली, तर पहिल्या वर्षाची पत्रे तीन वर्षे उशिरा, दुसऱ्याची दोन वर्षे आणि तिसऱ्याची एक वर्ष उशिरा. एकूण सहा वर्षांचा विलंब, म्हणजे ४ लाख ३८ हजार रुपये. हजार रुपयांचा भाग घेणाऱ्या ४३८ शेतकऱ्यांचे संपूर्ण भांडवल केवळ उशिरापोटी गेले! यात ना बी आले, ना खत, ना एक क्रेट टोमॅटो विकला गेला.

याच्या पुढची पायरी अधिक कठोर आहे. २०१७ साली केंद्र शासनाने केवळ कागदावर अस्तित्वात असलेल्या कंपन्यांविरुद्ध मोहीम उघडली. सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढण्यात आली आणि सलग तीन वर्षे विवरणे न देणाऱ्या कंपन्यांचे तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. काळा पैसा फिरवण्यासाठी उभारलेल्या बनावट कंपन्यांना चाप लावणे हे त्या मोहिमेचे उद्दिष्ट होते आणि ते योग्यच होते. परंतु विवरण न देणारा लबाड आणि विवरण द्यायचे असते हेच ठाऊक नसणारा भाबडा, यांत कायद्याला फरक करता येत नाही. अपात्रता पाच वर्षांची असते. त्या काळात तो संचालक त्या कंपनीवर पुन्हा नेमला जात नाही आणि दुसऱ्या कंपनीवरही त्याला जाता येत नाही. नाव काढलेल्या कंपनीचे बँक खाते वापरता येत नाही. संचालकांची देणी मात्र कंपनीबरोबर पुसली जात नाहीत, हे कायद्याने स्पष्ट केले आहे.

उत्पादक कंपनीच्या प्रकरणात तर संचालकाचे पद आपोआप रिक्त होण्याची कारणे आणखी बारकाईने दिली आहेत. सलग तीन वर्षे वार्षिक हिशेब व विवरणे दाखल झाली नाहीत, सभासदाच्या मालाची रोखून ठेवलेली किंमत वा उलाढालीवरील बोनस देय तारखेनंतर वर्षभर दिला नाही, कंपनीचे कर्ज नव्वद दिवस थकले, संचालकाने स्वतः कंपनीकडून घेतलेली उचल फेडली नाही, वार्षिक सभा बोलावली नाही, यांपैकी कोणतेही एक घडले तरी पद जाते. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकांना कर्ज वा उचल द्यायची असेल, तर सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच देता येते. या तरतुदी वाचल्या की लक्षात येते, कायद्याचा रोख सामान्य सभासदाच्या संरक्षणाकडे आहे. शेतकऱ्याचा पैसा शेतकऱ्याच्याच नावाने कोणी बुडवू नये, ही त्यामागची दृष्टी आहे.

परंतु व्यवहारात काय दिसते? कंपनी काढताना पाच संचालक हवे असतात, दहा सह्या हव्या असतात. मग भाऊ, चुलतभाऊ, मेहुणा, शेजारचा मित्र यांची नावे घातली जातात. महिलांचा सहभाग दाखवायचा म्हणून घरातील सुनेचे नाव येते. तिला आपण संचालक आहोत हे ठाऊक असते. संचालकाने काय करायचे असते ते मात्र कुणी सांगितलेले नसते. प्रत्येकाचा डिजिटल सहीचा संच तयार होतो आणि तो सल्लागाराच्या टेबलाच्या खणात जाऊन पडतो. डिजिटल सही ही कायद्याने हातच्या सहीइतकीच बंधनकारक आहे. कोऱ्या धनादेशावर सही करून तो परक्याच्या हाती देणाऱ्यास गावात लोक मूर्ख म्हणतात. डिजिटल सहीचा संच देऊन टाकणारा त्याहून वेगळे काय करतो? २०१८ पासून संचालकांना आपली ओळख व पत्ता मंत्रालयाकडे पडताळून घ्यावा लागतो. मुदत चुकली की त्याचा क्रमांक निष्क्रिय होतो आणि तो पुन्हा सुरू करण्यास पाच हजार रुपये मोजावे लागतात. बहुतेक सहीपुरत्या संचालकांना हे सारे समजते ते नोटीस घरी आल्यावर.

काही समज तर विलक्षण रुजले आहेत. पहिला समज असा, की व्यवहारच झाला नाही तर विवरण कसले द्यायचे? शून्याचेही विवरण द्यावे लागते, हे त्याचे उत्तर. दुसरा समज असा, की शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, तेव्हा शेतकऱ्यांच्या कंपनीलाही प्राप्तिकर नाही. शेतकऱ्याने आपल्या रानात पिकवलेल्या मालाचे उत्पन्न त्याच्यासाठी करमुक्त असते. कंपनीने तोच माल सभासदांकडून घेऊन विकला की तो व्यापार होतो. २०१८ च्या अर्थसंकल्पाने शंभर कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या उत्पादक कंपन्यांना सभासदांच्या मालाची विक्री, प्रक्रिया आणि निविष्ठापुरवठा यांतील नफ्यावर शंभर टक्के वजावट दिली होती. करनिर्धारण वर्ष २०१९-२० पासून २०२४-२५ पर्यंत ती उपलब्ध होती. पण तिला अट होती, प्राप्तिकराचे विवरण मुदतीत भरण्याची. ज्यांनी ते उशिरा भरले, त्यांना शासनाने देऊ केलेली संपूर्ण सवलत केवळ तारखेपायी गमवावी लागली.

तिसरा समज मर्यादित दायित्वाविषयीचा. कंपनी लिमिटेड आहे, म्हणजे आपले काहीच जात नाही, असे सर्रास बोलले जाते. सभासदाचे दायित्व त्याच्या भागाच्या न भरलेल्या रकमेपुरते असते, हे खरे. मात्र संचालकाने आपल्या कर्तव्यात कसूर केली तर दंड त्याच्या व्यक्तिगत नावावर बसतो, आणि बँकेला त्याने स्वतंत्र हमी लिहून दिली असेल तर त्याचे घर आणि शेतही त्या हमीत अडकते. मर्यादा सभासदाला आहे. बेफिकीर संचालकाला नाही.

कंपनी कायद्यापलीकडेही जबाबदाऱ्या आहेत. ताजा भाजीपाला विकणाऱ्या कंपनीने खते व औषधांचे दुकान सुरू केले की वस्तू व सेवा कर येतो. विक्री नसलेल्या महिन्यांचेही त्याचे विवरण चुकवता येत नाही. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, वेष्टनावर लेबल लावलेल्या कडधान्यांवर व पिठावर कर लागू झाला. बियाणे, खते आणि कीटकनाशके विकण्यास कृषी खात्याचे परवाने लागतात. टोमॅटोची प्युरी किंवा कांद्याची भुकटी करायची तर अन्नसुरक्षेचा परवाना हवा, आणि पाकिटावर वजन, किंमत व उत्पादकाचा पत्ता छापणे वजनमापाच्या कायद्याने आवश्यक आहे. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही. परंतु ती करणारा जाणता माणूस कंपनीत असावा लागतो, आणि त्या माणसाचे वेतन निघेल इतका व्यवहार कंपनीने करावा लागतो. अनुदानाची तीन वर्षे संपली की नेमका हाच माणूस सर्वप्रथम कमी केला जातो. तेथून पुढे कंपनीचा उतार सुरू होतो.

मग दोष कोणाचा? शासनाचा आहे, यात संशय नाही. उद्दिष्ट नोंदणीच्या आकड्यात मोजले, तर यंत्रणा नोंदण्याच करणार. ज्या शेतकऱ्याला सातबारा मराठीत मिळतो, त्याच शेतकऱ्याच्या कंपनीची पत्रे, सूचना आणि संकेतस्थळ यांवर इंग्रजीचे वर्चस्व आहे. आपण कशावर सही करत आहोत, हे संचालकाला वाचता येऊ नये, ही स्वतंत्र देशात शोभणारी गोष्ट नाही. न्यायाने हेही नमूद केले पाहिजे, की शासनाने काही सवलती दिल्या आहेत. २०२० च्या दुरुस्तीने लहान कंपन्यांबरोबर उत्पादक कंपन्यांनाही दंड निम्म्यावर आणला आणि त्याला कमाल मर्यादा घातली. त्याच वर्षी करोनाच्या काळात विलंब शुल्क न घेता जुनी पत्रे भरण्याची संधी ३१ डिसेंबरपर्यंत दिली होती. परंतु ज्याला देणे आहे हेच माहीत नाही, त्याच्यापर्यंत माफीही पोहोचत नाही.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो. शेतकऱ्यांच्या कंपन्यांना या सर्व कटकटीतून मुक्त करावे, ना लेखापरीक्षण, ना विवरण. ऐकायला गोड वाटणारी ही मागणी शेतकऱ्याच्या हिताची नाही. ज्या संस्थेचे हिशेब कोणी तपासत नाही, त्या संस्थेत पैसा गरिबाचा असतो आणि सत्ता बलवानाची. महाराष्ट्रातील बुडालेल्या पतसंस्थांनी हा धडा हजारो ठेवीदारांच्या अश्रूंनी लिहून ठेवला आहे. बंधन नको असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की सातगाव पठारावरील ज्या विधवेने हजार रुपयांचा भाग घेतला, तिला आपल्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार याच बंधनांनी दिला आहे. शिस्त सोपी करावी, स्वस्त करावी, मराठीत आणावी. पण ती रद्द करू नये.

आणि ही शिस्त या मातीला परकी नाही. कंपनी ही इंग्रजांनी आणलेली वस्तू, अशी समजूत असलेल्यांनी जुन्नरची लेणी पाहावीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील ब्राह्मी शिलालेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून गुंतवल्याचे उल्लेख आहेत. नाणेघाटातून कोकणाशी व्यापार करणाऱ्या या नगरीत कारागीर आणि व्यापारी संघटित होते. लोक त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवत, इतका त्यांच्यावर विश्वास होता. हा विश्वास आला तो व्यवहार दगडावर कोरून जाहीर करण्याच्या पद्धतीतून. तो शिलालेख हे त्या काळचे विवरणपत्रच होय. ज्या शिवनेरीवर छत्रपतींचा जन्म झाला, त्यांच्या अष्टप्रधान मंडळात राज्याचा जमाखर्च तपासणारा अमात्य होता, हेही विसरून चालणार नाही. तलवारीच्या पराक्रमाइतकीच हिशेबाची चोख व्यवस्था हा स्वराज्याचा आधार होता.

आता करायचे काय, याचा विचार व्यावहारिक पातळीवर व्हावा. ज्या कंपन्या खरोखरच चालण्यासारख्या नाहीत, त्यांच्या संचालकांनी त्या तशाच सोडून देऊ नयेत. देणी फेडून, सभासदांच्या संमतीने, नाव काढण्याचा रीतसर अर्ज करता येतो. काही काळ थांबून पुन्हा काम सुरू करायचे असेल, तर सुप्त कंपनीचा दर्जा घेता येतो. त्यात जबाबदाऱ्या पुष्कळ हलक्या होतात. निबंधकांनी नाव काढलेच असेल, तर कंपनी, सभासद किंवा धनको यांना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे वीस वर्षांपर्यंत दाद मागता येते, अर्थात राहिलेली सर्व पत्रे आणि शुल्क भरून. रोग लपवण्याने वाढतो. कंपनीचेही तसेच आहे.

ज्या कंपन्या चालत आहेत, त्यांनी चार गोष्टी आजच कराव्यात. नोंदणीकृत कार्यालय आपल्याच गावात आणावे. प्रत्येक संचालकाने आपली डिजिटल सही आपल्या ताब्यात घ्यावी आणि वाचल्याखेरीज ती वापरू देऊ नये. वर्षभरातील सर्व तारखा मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावाव्यात, म्हणजे येणारा-जाणारा सभासदही विचारू लागेल. आणि वार्षिक सभेत ताळेबंद मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा. भाव किती मिळाला, खर्च किती झाला, राखीव निधी किती ठेवला हे प्रत्येकाला कळले पाहिजे. गाव करील ते राव काय करील, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण गावाने करायचे तर गावाला आधी कळले पाहिजे.

एका लहान कंपनीला जाणकार हिशेबनीस परवडत नसेल, तर जुन्नर-आंबेगावातील आठ-दहा कंपन्यांनी मिळून एक सामाईक कार्यालय का थाटू नये? टोमॅटोची कंपनी, बटाट्याची कंपनी आणि हिरड्याची कंपनी यांचा माल वेगळा आहे. त्यांची विवरणपत्रे एकच आहेत. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था पिकांचे प्रशिक्षण देतातच. त्याच्या जोडीला संचालकांसाठी दोन दिवसांचा कायदेवर्ग दरवर्षी घेणे कठीण नाही. तालुक्यातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अशा कार्यालयात अनुभव मिळेल आणि नोकरीसाठी चाकण-पुण्याकडे धावणाऱ्या काहींना गावातच काम मिळेल. शासनाने अनुदानाच्या तीन वर्षांनंतरही कायदेपालनाचा खर्च काही काळ वेगळा द्यावा, सर्व सूचना मराठीत पाठवाव्यात, आणि लहान उत्पादक कंपन्यांसाठी अनेक पत्रांऐवजी एकच सुटसुटीत वार्षिक पत्र आणावे. या मागण्या अवाजवी नाहीत.

या कामात सुशिक्षित मध्यमवर्गाची जबाबदारी मोठी आहे. या दोन तालुक्यांतून शिकून बाहेर पडलेले कितीतरी सनदी लेखापाल, कंपनी सचिव, वकील आणि बँक अधिकारी आज पुण्या-मुंबईत स्थिरावले आहेत. गावच्या यात्रेला ते आवर्जून येतात, मंदिराच्या जीर्णोद्धाराला सढळ हाताने देणगी देतात. तो भाव वंदनीयच आहे. त्याच भावाने त्यांनी वर्षातून चार दिवस आपल्या गावच्या कंपनीला द्यावेत, तिची पत्रे तपासावीत, संचालकांना समजावून सांगावे. सेवा म्हणजे केवळ वस्तूंचे वाटप नव्हे. जे ज्ञान शहरात तासाला हजारो रुपयांना विकले जाते, ते गावात बसून मोफत समजावून देणे हीदेखील सेवाच आहे. कार्यकर्त्यांनीही नव्या कंपनीच्या उद्घाटनाला हार घालून परत येण्यापेक्षा, तिच्या तिसऱ्या वार्षिक सभेला पंच्याहत्तर माणसे जमली की नाही याची विचारपूस करावी. संघटनेची खरी कसोटी तेथे लागते.

शेतकऱ्याने व्यापारी व्हावे, उद्योजक व्हावे, अशी भाषणे पुष्कळ झाली. उद्योजक होणे म्हणजे नफ्याबरोबर जबाबदारीही स्वीकारणे, हे त्याला सांगण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले. जुन्नर-आंबेगावचा शेतकरी जबाबदारीला घाबरणारा नाही. द्राक्षबागेत फवारणीची तारीख तो चुकवत नाही, कारण एक दिवस चुकला तर बाग जाते हे त्याला ठाऊक आहे. विवरणपत्राची तारीख चुकली तर कंपनी जाते, इतकेच त्याच्यापर्यंत पोहोचवायचे आहे. ते पोहोचवण्याचे काम नोटीस येण्यापूर्वी झाले पाहिजे.